एका पंगतीत बसल्याशिवाय कार्यकर्ता घडत नाही

(सांगलीत झालेल्या तरुण कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण शिबिरातील भाषणाचा मजकूर)



शिबिराची पत्रिका मी वाचली. सभेत कसं बोलावं, निवेदन कसं लिहावं, माहितीचा अधिकार कसा वापरावा, पत्रकारांशी कसं बोलावं, मोबाइलवरून लोकांपर्यंत कसं पोहोचावं, असे बरेच विषय आहेत. सगळे कामाचे आहेत, ते नीट शिका. मला संयोजकांनी ‘नेतृत्वाचा पाया’ असा विषय दिलाय. मी चौतीस वर्षं मिरज आणि तासगाव तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. पुस्तकातली व्याख्या सांगण्यापेक्षा आपल्याच मातीत कार्यकर्ते कसे घडले, ते सांगणं मला जास्त बरं वाटतं. तेव्हा आधी थोडा इतिहास, मग आपलं आजचं दुखणं, आणि शेवटी या तीन दिवसांत तुम्ही काय करावं, असं मी बोलणार आहे.

१९४९ पर्यंत आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग सातारा जिल्ह्यातच होता. त्या वर्षी दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. म्हणून साताऱ्याचं सांगताना मी परक्या मुलखाचं सांगते असं समजू नका.

कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. तुमच्यातले निम्मे तरी रयतच्या शाळेत शिकले असतील. शाळेत आपल्याला शिकवतात की अण्णांनी शाळा काढल्या. ते खरंच आहे. पण शाळांच्या आधी त्यांनी बोर्डिंगं काढली, हे लक्षात घ्या. १९१० च्या सुमाराला मिरज तालुक्यातल्या दूधगावात त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी दूधगाव शिक्षण मंडळ काढून वसतिगृह सुरू केलं. १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली. तिथल्या बोर्डिंगमध्ये मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, रामोशी, ज्याला शिकायचं आहे तो कुणीही मुलगा राहू शकत होता. १९२७ मध्ये गांधीजी साताऱ्याला आले आणि त्यांच्या हस्ते त्या बोर्डिंगला छत्रपती शाहूंचं नाव देण्यात आलं.

त्या बोर्डिंगमध्ये भाषणाचा तास महत्त्वाचा नव्हता. मुलं पाणी भरायची, सरपण आणायची, दळायची, भाकरी थापायची, भांडी घासायची. पाळ्या लावलेल्या असायच्या. आज ज्याच्या हातची भाकरी मी खाल्ली, उद्या तो माझ्या हातची खाणार. आणि सगळे एका पंगतीला बसणार. ज्या काळात एका विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्या काळातली ही गोष्ट आहे. तुम्ही क्षणभर त्या मुलांच्या जागी बसून पाहा. घरून निघताना आईने कानात सांगितलेलं असणार, अमक्याच्या हातचं खाऊ नको. आणि इथे आल्यावर पहिल्याच दिवशी तोच अमका वाढायला उभा. त्या मुलाला समतेवर व्याख्यान द्यायची गरजच उरत नाही. तो जेवला की संपलं.

अण्णांकडे ही दृष्टी आली कुठून? कोल्हापूरला ते जैन बोर्डिंगमध्ये शिकत होते. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला ते गेले. परत आल्यावर त्यांना सांगण्यात आलं की अंघोळ करून शुद्ध हो, मगच जेवायला ये. त्यांनी नकार दिला आणि त्यांना ते बोर्डिंग सोडावं लागलं. म्हणजे ज्या माणसाला पंगतीतून उठवलं, त्यानेच पुढे सगळ्यांची एक पंगत मांडली. त्याच कोल्हापुरात शाहू महाराज प्रत्येक समाजासाठी बोर्डिंग उभं करत होते. १९०६ मध्ये मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी स्वतः पुढाकार घेतला आणि मुस्लिम बोर्डिंगचा पाया घातला. आपली कितीतरी पहिली शिकलेली पिढी त्या वाटेने आली. महाराजांनी प्रत्येक समाजाला स्वतःचं छप्पर दिलं. अण्णांनी एक पाऊल पुढे टाकून सगळ्यांना एका छपराखाली आणलं. दोन्हींची गरज होती आणि आजही आहे. आपल्या समाजाची स्वतःची संस्था हवीच. पण मुलगा तिथेच जन्मला, तिथेच वाढला आणि तिथेच पुढारी झाला, तर तो फक्त आपल्यापुढे बोलायला शिकतो.

अण्णांची आणखी एक गोष्ट तुम्हा तरुणांना उपयोगी आहे. संस्था काढण्याच्या काळात ते पोटासाठी फिरती करत होते. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकायचे, ओगल्यांच्या काचकारखान्याचा माल विकायचे. किर्लोस्करवाडी आपल्या पलूस तालुक्यात, ओगलेवाडी कराडजवळ. नांगर विकणाऱ्या माणसाला शेतकऱ्याच्या बांधावर जावं लागतं, ओट्यावर बसावं लागतं, त्याचं कर्ज, त्याचा बैल, त्याचा पोरगा, सगळं ऐकून घ्यावं लागतं. कोणत्या गावात कोणता पोरगा हुशार आहे आणि कोणाच्या घरात चूल पेटत नाही, हे या फिरतीत अण्णांना कळलं असलं पाहिजे. पुढे त्यांनी गावोगाव मूठ मूठ धान्य मागितलं, तेव्हा लोकांनी ते दिलं. दारात उभा राहिलेला माणूस ओळखीचा होता, म्हणून दिलं.

आणि लक्ष्मीबाईंना विसरू नका. अण्णांच्या पत्नी. बोर्डिंगमधल्या सगळ्या जातींच्या पोरांना त्यांनी आईसारखं सांभाळलं. मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. त्या सोवळ्या-ओवळ्याच्या घरातून आल्या होत्या. त्यांना स्वतःच्या मनाशी किती झगडावं लागलं असेल, याचा विचार करा. १९३० मध्ये त्या गेल्या. व्यासपीठावर त्या कधी दिसल्या नाहीत, पण त्या बोर्डिंगमधून जे शिक्षक, वकील, कार्यकर्ते बाहेर पडले, त्यांचं पहिलं प्रशिक्षण या बाईच्या स्वयंपाकघरात झालं. बॅरिस्टर पी. जी. पाटील याच बोर्डिंगमध्ये वाढले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

याच्याही मागे जाऊ. सावित्रीबाई फुले साताऱ्याच्या, खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. जोतिरावांचं मूळ गाव कटगुण, खटाव तालुक्यातलं. जोतिराव लहान असताना वडिलांनी त्यांना शाळेतून काढलं होतं. त्यांना परत शाळेत घाला, असा आग्रह धरणाऱ्यांमध्ये शेजारचे गफ्फार बेग मुन्शी होते, फारसीचे शिक्षक. पुढे जोतिराव-सावित्रीबाईंना घर सोडावं लागलं, तेव्हा पुण्यात उस्मान शेख यांनी आपल्या घरात जागा दिली. फातिमा शेख तिथल्याच. १८५६ मध्ये सावित्रीबाई आजारी पडून माहेरी नायगावला आल्या होत्या. तिथून त्यांनी १० ऑक्टोबरला जोतिरावांना जे पत्र लिहिलं, त्यात फातिमेची आठवण आहे. माझ्या मागे तिच्यावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचं त्यात आहे.

मुलींनो, हे पत्र मला फार मोठं वाटतं. आपण सावित्री आणि फातिमा यांचे फोटो शेजारी शेजारी लावतो आणि हिंदू-मुस्लिम एकतेची घोषणा देतो. पत्रात घोषणा नाही. एक बाई आजारी आहे आणि तिला खात्री आहे की मागे दुसरी आहे, ती काम सोडणार नाही. दुसरीवर बोजा पडतोय याची पहिलीला काळजीही आहे. कार्यकर्ते तयार करायचे म्हणजे अशी जोडी तयार करायची. तुमच्या संघटनेत तुम्ही आठ दिवस आजारी पडलात तर काम कोण उचलेल, आणि तिच्यावर पडणाऱ्या भाराची तुम्हाला काळजी वाटते का, हा प्रश्न स्वतःला विचारा. ज्याच्या मागे कुणी नाही त्याला आपण मोठा नेता म्हणतो. खरं तर तो एकटा पडलेला माणूस असतो.

हा झाला इतिहास. आता मी स्वतः पाहिलेलं एक सांगते.

२०१९ चा महापूर तुम्हाला आठवतो. ऑगस्टमध्ये कृष्णा चढत गेली. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ब्रह्मनाळला नाव उलटून माणसं गेली. मी तेव्हा निवृत्त झाले होते, पण ज्या गावात शिकवलं तिथल्या शाळेत नदीकाठची माणसं आणून ठेवली होती, म्हणून मी गेले. शंभराच्या वर माणसं, चार खोल्या, एक व्हरांडा. सगळ्या समाजांची. दुसऱ्याच दिवशी कुरबुर सुरू झाली. दोन वस्त्यांचे लोक म्हणाले, आमची चूल वेगळी मांडा. तांदूळ होता, पीठ होतं, गॅसची शेगडी होती, पण स्वयंपाक अडला.

मदत घेऊन बरेच लोक येत होते. काही मनापासून येत होते, काही फोटोपुरते. एका पुढाऱ्याने व्हरांड्यात उभं राहून माणुसकीवर दहा मिनिटं भाषण केलं. लोकांनी ऐकलं. चूल काही पेटली नाही.

त्या गर्दीत आमची एक खाला होती. मणेरांची बाई. डोक्यावर बांगड्यांचं हारं घेऊन तीस वर्षं दहा-बारा गावं फिरलेली. मुसलमान तिला खाला म्हणतात, बाकी सगळे मावशी. त्या शिबिरातल्या बहुतेक बायकांच्या लग्नाचा हिरवा चुडा हिनेच भरला होता. कुणाच्या हातात कोणत्या मापाची बांगडी जाते, हे तिला तोंडपाठ. आणि हात हातात घेतला की बाई बोलते. त्यामुळे कुणाच्या सासूचं काय, कुणाला साखर आहे, कोण बाळंतीण आहे, कुणाच्या घरचा माणूस पितो, हेही तिला माहीत.

तिने कुणाला उपदेश केला नाही. एका वस्तीतली सगळ्यांत म्हातारी बाई शोधली आणि म्हणाली, आक्का, भाकरी तुमच्याकडे, तुमच्यासारखी कुणाला जमत नाही. दुसऱ्या वस्तीतल्या म्हातारीला म्हणाली, आजी, भाताला पाणी किती ते तुम्हीच सांगा, पोरींना अंदाज नाही. तिसरीकडे आमटी. आपल्या सुनेला भांडी घासायला लावलं. जेवण झाल्यावर पहिला घास त्या दोन म्हाताऱ्यांना चाखायला दिला. नऊ दिवस त्या शाळेत एकच चूल होती.

मला विचाराल तर मी पाहिलेला हा सगळ्यांत चांगला नेतृत्वाचा धडा आहे. तिने काय केलं? ज्यांचा विरोध होता त्यांचा मान ठेवला आणि त्यांना काम दिलं. मान तोंडदेखला नव्हता. त्या खरोखरच भाकरी चांगल्या करत होत्या आणि ते तिला ठाऊक होतं, कारण ती त्यांच्या घरी गेलेली होती. ओळख नसेल तर मान खोटा वाटतो. कागदावरून नाव वाचून केलेला सत्कार आणि ओळखीने दिलेली हाक, यांतला फरक माणसाला लगेच कळतो.

आता कडू भाग. पूर ओसरल्यावर गावात बैठक झाली. पंचनामे, नुकसानभरपाई, पुढच्या पावसाची तयारी. समिती नेमली. त्या समितीत खाला नव्हती. तिला कुणी बोलावलंही नाही. आपल्या समाजाच्या माणसांनीही तिचं नाव सुचवलं नाही. ती शिकलेली नाही, सभेत बोलत नाही, आणि बाई आहे, म्हणून. नऊ दिवस जिच्या शब्दावर शंभर माणसं चालली, ती कुणाला नेता वाटली नाही. आपण नेता म्हणून ज्याला शोधतो तो माणूस बोलणारा असतो, पांढरे कपडे घातलेला असतो, बहुतेक वेळा पुरुष असतो. ही आपली नजरच आधी बदलायला हवी. नाहीतर तुमचं हे शिबिर आणखी पन्नास बोलणारे तयार करेल आणि जोडणारी माणसं पुन्हा व्हरांड्यातच राहतील.

‘मान’ हा शब्द आपल्या भागात जुना आहे. मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेबांच्या उरुसात पहिला गलेफ चढवण्याचा मान चर्मकार समाजाचा आहे. ज्यांना बाकीचा समाज शेवटी बसवत होता, त्यांना त्या दर्ग्यात पहिला मान. तिथेच उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणं होतं आणि ऐकायला सगळ्या धर्मांची माणसं बसतात. कडेगावचा मोहरम तुम्ही पाहिला असेल. ते उंच उंच ताबूत हिंदू आणि मुसलमान मिळून उभे करतात, मिळून उचलतात आणि त्यांच्या भेटी होतात. एकाच्या खांद्याने तो ताबूत हलणार नाही.

हे सांगताना मला अभिमान वाटतो. पण मी शिक्षिका आहे, तुम्हाला अर्धंच सांगून चालणार नाही. याच मिरजेत, या दर्ग्याच्या गावात, सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवातल्या एका कमानीवरून दंगल झाली. संचारबंदी लागली. आग सांगलीपर्यंत, इचलकरंजीपर्यंत, कोल्हापूरपर्यंत गेली. आणि १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री पुसेसावळीत, समाजमाध्यमावरच्या मजकुराचं निमित्त होऊन जमाव मशिदीवर चालून आला आणि एका मुसलमान तरुणाचा जीव गेला. पुसेसावळी खटाव तालुक्यात आहे. फुल्यांचं कटगुणही त्याच तालुक्यात.

म्हणजे वारसा असून भागत नाही. वर्षातून एकदा मिळणारा मान आणि वर्षातून एकदा होणारी भेट वाईट रात्री कामाला येतेच असं नाही. त्या रात्री काय लागतं? रात्री अकरा वाजता मोबाइलवर काहीतरी घाण फिरायला लागते. पोरं चौकात जमायला लागतात. अशा वेळी पलीकडच्या आळीतल्या मंडळाच्या अध्यक्षाला तुम्ही नावाने फोन करू शकता का? तो उचलेल का? उचलला तर तुमच्यावर विश्वास ठेवेल का? आणि त्याने तुम्हाला फोन केला तर तुम्ही आपल्या पोरांना घरी पाठवू शकाल का, तुमचं ऐकतील का? हे चारही प्रश्न त्या रात्री सुटत नाहीत. ते आधीच्या तीनशे चौसष्ट दिवसांत सुटलेले असावे लागतात, लग्नात, मयतीत, दवाखान्यात, शाळेच्या दाखल्यासाठी केलेल्या धावपळीत.

इथे कुणी म्हणेल, बाई, सगळी जबाबदारी आमच्यावरच का? मार आम्ही खायचा आणि जोडायला पण आम्हीच जायचं? प्रश्न रास्त आहे. मी तो टाळणार नाही. गुन्हा करणाऱ्याला शिक्षा झाली पाहिजे. ते पोलिसांचं आणि न्यायालयाचं काम आहे, आणि ते करून घेण्यासाठी तुम्ही कायदा शिकलाच पाहिजे. एकमेकांचा मान ठेवायचा म्हणजे अन्याय गिळायचा, असं मी अजिबात म्हणत नाही. जैन बोर्डिंगमध्ये भाऊरावांनी मान खाली घालून अंघोळ केली नाही. पण ते कडवट होऊन घरीही बसले नाहीत. नकार द्यायचा आणि नाती वाढवायची, ही दोन्ही कामं एकाच माणसाला करता येतात. आपल्याला तशी माणसं हवी आहेत. जो फक्त जोडतो त्याला लोक गरीब समजतात, आणि जो फक्त भांडतो त्याच्या मागे शेवटी त्याची गल्लीच उरते.

आणि बाहेर जायच्या आधी घरात बघा. आपल्यात बागवान आहेत, मणेर आहेत, शिकलगार, अत्तार, तांबोळी, मुल्ला, मुजावर, पिंजारी, कुरेशी आहेत. नमाजाला सगळे एका सफेत उभे राहतात. सोयरीक जुळवताना काय होतं, ते मी सांगायला नको. जमातीच्या बैठकीत पिंजाऱ्याच्या पोराने सूचना मांडली तर ती किती गंभीरपणे घेतली जाते? बायकांना बैठकीला बोलावतो का, की निर्णय झाल्यावर जेवण करायला सांगतो? ग्रामपंचायतीत महिलांना पन्नास टक्के जागा मिळून दशकाच्या वर झालं. आपल्या बायका सदस्य झाल्या, काही सरपंचही झाल्या. पण सही त्यांची आणि खुर्चीत बसून बोलणारा नवरा, असं किती ठिकाणी आहे, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. ज्याला स्वतःच्या घरातल्या बाईचं वाक्य पुरतं ऐकता येत नाही, तो दुसऱ्या समाजाचं म्हणणं ऐकून घेईल, यावर माझा विश्वास नाही.

आता कामाचं बोलू. तीन दिवस आहेत. संयोजकांशी बोलून मी चार गोष्टी ठरवल्या आहेत.

पहिली. इथे पाळ्या लागतील. पाणी, झाडू, वाढणं, भांडी. मुलगे भांडी घासतील आणि मुली सभेचं अध्यक्षपद सांभाळतील, उलटही होईल. पाहुणे आले तरी पाळी चुकवायची नाही. माझीही लावली आहे, उद्या सकाळी चहाची.

दुसरी. जोड्या लागतील. आपल्या गावचा, आपल्या जातीचा, आपल्या ओळखीचा जोडीदार घ्यायचा नाही. वीस मिनिटं समोरच्याने त्याची हकीगत सांगायची. घर, शिक्षण, भीती, कुठे अपमान झाला, कुणी हात दिला. तुम्ही फक्त ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, ‘माझंही असंच झालं’ म्हणायचं नाही. मग सगळ्यांसमोर त्याची हकीगत तुम्ही सांगायची, आणि बरोबर सांगितली का ते त्याने ठरवायचं. जे सांगू नको असं तो म्हणाला ते तुमच्याजवळच राहायला पाहिजे. ऐकायला सोपं वाटतं. मी शाळेत शिक्षकांकडून हे करून घेतलं आहे. पाच मिनिटांच्या आत लोक मध्ये तोंड घालतात.

तिसरी. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही शहरात जाणार आहात. दोघा-दोघांनी, जिथे आपलं कुणी नाही अशा वस्तीत, आधी कळवून, ज्या घरांनी या म्हटलंय त्या घरांत. काही द्यायला जायचं नाही, काही पटवायला जायचं नाही. बसायचं, जे देतील ते खायचं, विचारतील त्याची उत्तरं द्यायची. ज्याला मांसाहार चालत नाही किंवा ज्याला हलालची काळजी आहे, त्याने तसं साधेपणाने सांगायचं. समोरच्यानेही त्याचं सांगितलं तर वाईट वाटून घ्यायचं नाही. एकमेकांची पथ्यं माहीत असणं हाही ओळखीचाच भाग आहे.

चौथी. प्रत्येकाने एक वही करायची. त्यात आपल्या गावातली, आपल्या प्रभागातली वीस नावं लिहायची. पोलीस पाटील, तलाठी, आशाताई, अंगणवाडी सेविका, गणेश मंडळाचा अध्यक्ष, बौद्ध वाड्यातला कार्यकर्ता, देवळाचा पुजारी, मशिदीचे पेशइमाम, शाळेचे मुख्याध्यापक, डॉक्टर, आणि आमच्या खालासारखी एखादी बाई. नावापुढे नंबर लिहायचा. त्याच्यापुढे लिहायचं, यांच्या घरी मी शेवटचा कधी गेलो. पहिल्या दिवशी बहुतेकांच्या वहीत तो रकाना मोकळाच असेल. लाज वाटायचं कारण नाही. घरी गेल्यावर तो भरायचा आहे. महिन्याला तीन नावं. काम काढून जायचं नाही, सहज जायचं. कुणाच्या घरात आजारपण असेल तर आधी तिथे जायचं.

सहा महिन्यांनी आपण पुन्हा भेटणार आहोत. त्या वेळी तुम्ही किती मोर्चे काढले, किती लोकांनी तुमचा व्हिडिओ पाहिला, हे मी विचारणार नाही. ती वही आणा. आणि जमलं तर एकटे येऊ नका. आपल्या गावातली अशी एक बाई किंवा असा एक माणूस सोबत आणा, जिच्या शब्दाला लोक मानतात पण जिला आजवर कुणी सभेत खुर्ची दिली नाही. त्यांना इथे समोर बसवू. त्या दिवशी आपण ऐकायचं आणि त्यांनी सांगायचं.

बारा वाजत आले आहेत. पहिली पाळी ज्यांची आहे त्यांनी उठावं, पंगत मांडायची आहे.